कडेचं विरजण

दिवसाचा पहिला नमुना रोग्याचा लावायचा नाही, हा नियम नंदकिशोर टेकाळे यांनी तेहतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कोंढापूरच्या जिल्हा प्रयोगशाळेत रोज सकाळी आठ वाजता यंत्रात पहिली जायची ती ओळखीच्या जंतूची नळी. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कोणत्या औषधाने तो मरतो हेही ठाऊक आहे, असा जंतू यंत्राला द्यायचा आणि विचारायचं, सांग पाहू हा कोण आणि कशाने मरेल? उत्तर बरोबर आलं की यंत्र दिवसभर खरं बोलणार असं धरायचं आणि मग रोग्यांच्या नळ्या लावायच्या. किराणा दुकानदार सकाळी आधी रिकाम्या तराजूचा काटा बघतो, त्यातलाच हा प्रकार.

त्या मंगळवारीही काटा मधोमध होता. यंत्रावर हिरवा दिवा लागला, टेकाळ्यांनी नोंद केली आणि रोग्यांची यादी उघडली. तिसरं नाव वाचून त्यांचा हात थांबला. मंदा खिल्लारे, वय सहासष्ट, स्त्री वॉर्ड, खाट अकरा.

मंदाताई याच प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी इथे माध्यम शिजवलं. माध्यम म्हणजे जंतूंचं जेवण. पिवळसर, खरवसासारखं थिजणारं, काचेच्या पसरट ताटल्यांत ओतायचं. 'मी सरकारी स्वयंपाकीण,' असं त्या नव्या माणसाला सांगायच्या, 'माझे जेवणारे दिसत नाहीत, पण अन्नाला नावंही ठेवत नाहीत.'

मधल्या सुटीत टेकाळे वॉर्डात गेले. मंदाताईंच्या उशाशी त्यांची मुलगी ज्योती बसली होती. रविवारी थंडी वाजून ताप भरला, लघवीतून विष रक्तात गेलंय असं डॉक्टर म्हणाले, ज्योती सांगत होती. रविवारीच तपासणी झाली, औषध सुरू झालं, पण आज तिसरा दिवस आणि ताप हलत नाही. अहवाल तर चांगला आहे म्हणतात, म्हणून आज पुन्हा नमुना पाठवलाय.

मंदाताईंनी डोळे उघडले. ओठ सुकले होते, पण जीभ जागेवर होती.

"सर, तुमचं यंत्र म्हणतं मी बरी होतेय," त्या म्हणाल्या. "मला कुणी कळवलं नाही."

टेकाळ्यांना हसू आलं नाही. धीर धरा, औषधाला वेळ लागतो, असं काहीतरी ते बोलले. मंदाताईंनी त्यांचं बोलणं पुरतं होऊ दिलं आणि मग हळूच म्हणाल्या, "एकदा ताटलीवर लावून बघा की. आपल्या जुन्या."

यंत्राचं नाव 'द्रुत'. चार वर्षांपूर्वी ते राज्यातल्या पस्तीसही जिल्ह्यांत आलं. त्याआधी जंतूला कोणतं औषध लागू पडतं हे कळायला दोन दिवस लागायचे. ताटलीभर जंतू पसरायचा, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेत ठेवून द्यायचं. औषध लागू असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसायचं, तेवढ्या जागेत जंतू वाढलेला नसायचा. ते कडं मिलिमीटरच्या पट्टीने मोजायचं. मोठं कडं, तर औषध चालेल; लहान, तर चालणार नाही.

द्रुतला हे सगळं चाळीस मिनिटांत जमायचं. केसाहून बारीक नळ्यांतून ते जंतू सोडायचं, औषध पाजायचं आणि एकेका जंतूकडे टक लावून बघायचं. हा फुगतोय का, फुटतोय का, की सुस्तावून पडलाय आणि पुन्हा उठणार आहे? पण किती फुगला म्हणजे मेला समजायचं, ही रेघ कुठेतरी आखावी लागते, आणि ती द्रुत रोज सकाळी ओळखीच्या जंतूवरून आखून घ्यायचं. हा मरणारा आहे, असं त्याला शिकवलेलं होतं. म्हणजे जो याच्याइतका तग धरेल, तोही मरणारा. याशिवाय, कोणत्याच औषधाला दाद न देणारा दुसरा एक जंतूही रोज लावत, पण तो इतका निबर होता की तो कोणालाही ओळखता आला असता. खरा प्रश्न मधल्यांचा होता.

या अहवालाला कुलूप जोडलेलं होतं. जुनी औषधं एकेक करून निकामी झाल्यावर एकच नवं औषध हाताशी उरलं होतं आणि तेही वाट्टेल तसं वापरून वाया जाऊ नये म्हणून सरकारने ते लोखंडी कपाटात ठेवलं होतं. नेहमीचं औषध चालणार नाही असं द्रुतने सांगितलं, तरच ते कपाट उघडायचं. डॉक्टरच्या सहीनेही नाही. शहाणपणाचाच नियम होता तो. त्याच्या बाजूने टेकाळ्यांनी एका सभेत दोन मिनिटं बोलूनही दाखवलं होतं, आणि एवढं बोलल्याबद्दल नंतर आठवडाभर त्यांना संकोच वाटत राहिला होता.

मंदाताईंच्या नव्या नमुन्याचा अहवाल दुपारी आला. नेहमीचं औषध चालेल. कपाट बंदच राहिलं.

टेकाळ्यांनी खालच्या खणातून पट्टी काढली. दोन ताटल्या घेतल्या. एकीवर मंदाताईंचा नमुना पसरला, दुसरीवर ओळखीचा जंतू, आणि दोन्हींच्या मधोमध नेहमीच्या औषधाची एकेक चकती ठेवली.

बुधवारी सकाळी ते नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आले. मंदाताईंच्या ताटलीवरचं कडं एकोणीस मिलिमीटर भरलं. एकवीसच्या खाली म्हणजे औषध चालणार नाही, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. यंत्र चुकलं होतं. का चुकलं, ते दुसऱ्या ताटलीवर होतं. ओळखीच्या जंतूचं कडं तीस ते चाळीसच्या मध्ये असायला हवं. ते अठरा होतं.

टेकाळे खुर्चीवर बसले. चकत्या जुन्या असतील, हा पहिला विचार. माध्यम जाड ओतलं गेलं असेल, हा दुसरा. आपलंच काहीतरी चुकलं असेल, हा तिसरा. आणि तो त्यांच्या इतक्या सवयीचा होता की त्यात त्यांना जवळजवळ निवारा मिळाला. पण पट्टी हातात होती, आणि पट्टीबरोबर ते दिवसही आठवले.

सतरा वर्षांपूर्वीचा मे महिना. उष्णतेने वीजवाहिन्या वितळल्या आणि नऊ दिवस कोंढापूरला वीज नव्हती. जनित्राचं डिझेल अतिदक्षता विभागाला गेलं, ते योग्यच होतं. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत ओळखीच्या जंतूच्या मूळ साठ्याच्या वीस नळ्या होत्या, त्यांतले जंतू उकडून मेले. एरवी नियम असा की मूळ नळीतून जंतू काढायचा, त्याची पाचेक वेळा पुनर्लागवड करायची, मग तो टाकून पुन्हा मूळ नळीकडे जायचं. लागवडीवरून लागवड करत राहिलं की जंतू हळूहळू बदलतो. मंदाताई याला विरजण म्हणायच्या. रोजच्या दह्यातून रोज विरजण ठेवा, महिन्याभराने बघा दह्याची चव काय होते ती.

त्या नऊ दिवसांत एकच गोष्ट जिवंत राहिली होती. आदल्या चाचणीची एक ताटली, माठाखाली ओल्या फडक्यात मंदाताईंनी गुंडाळून ठेवलेली. तिच्यावर चकत्या होत्या. टेकाळ्यांनी तारेच्या फासाने तिच्यावरचा जंतू उचलला. चकतीभोवतीच्या कड्याच्या काठावर वाढ दाट होती, टवटवीत दिसत होती, म्हणून तिथलाच उचलला.

"सर, कडेचं नका घेऊ," मंदाताई म्हणाल्या होत्या. "ते औषध चाखून बसलंय."

त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. काठावर जो जंतू उभा आहे, तो औषध सोसूनही उभा आहे, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. टेकाळ्यांना शिकवलेलं होतं. मग त्या म्हणाल्या, "ती कुपी फोडा की. आहे ना तुमच्या कपाटात?"

कुपी होती. टेकाळ्यांच्या आधीच्या तंत्रज्ञांनी निवृत्त होताना हातात ठेवलेली, मूळ जंतू वाळवून बंद केलेली, बोटभर काचेची. ती कापसात होती, भिंतीतल्या गार कोनाड्यात. तिला शीतपेटी लागत नव्हती.

"ती शेवटची आहे," टेकाळे म्हणाले होते. "अडीनडीला राहू दे."

याहून मोठी अडनड कोणती असणार होती, हे त्यांना आज बुधवारी सकाळी सुचत होतं.

नवा साठा मागवायचा तर जुना कसा गेला ते लिहावं लागलं असतं. लिहू, लिहू म्हणता राहून गेलं. मग माध्यमाच्या टंचाईत आठवड्याला एकच ताटली, मधोमध एकच चकती आणि पुढच्या लागवडीला पुन्हा काठावरचं, अशी सवय लागली आणि सवयीची पद्धत झाली. कडं आधी तेहतीस भरायचं. मग एकतीस. पुढे काही वर्षांनी एका सोमवारी एकोणतीस भरलं, आणि टेकाळ्यांना दिसलं की पट्टी जरा तिरकी धरली की तीस भरतं. त्यांनी तीस लिहिलं. हे खोटं आहे असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. आपलीच नजर कमजोर झाली असेल, असं वाटलं. नंतरची सगळी वर्षं वहीत तीस आणि एकतीस आळीपाळीने येत राहिले. द्रुत आल्यावर पट्टी खणात गेली. आठवड्याच्या ताटलीवर कडं आहे एवढं ते बघायचे. किती आहे ते यंत्र बघतंय.

आणि यंत्र टेकाळ्यांच्याच जंतूवरून रेघ आखत होतं. फक्त कोंढापूरचंच नव्हे. राज्यभरच्या यंत्रांना एकच ओळखीचा जंतू हवा म्हणून निवड झाली, तेव्हा ज्या प्रयोगशाळेचा एकही आकडा कधी हद्दीबाहेर गेला नव्हता, तिचा जंतू निवडला गेला. दर महिन्याला टेकाळे पस्तीस नळ्या स्वतःच्या हाताने भरत, लेबलं डकवत, आणि त्यांच्या आयुष्यात अभिमान म्हणावा अशी तेवढीच एक गोष्ट होती.

रोगी उशिरा आणला, असं डॉक्टर म्हणत. उन्हाळा कडक आहे, वय झालं होतं, साखर होती. गेल्या चार वर्षांत हे किती वेळा कानावर आलं, ते टेकाळे मोजायला बसले आणि थांबले.

त्याच वेळी त्यांनी जिना उतरून वॉर्डात जायला हवं होतं, किंवा फोन उचलायला हवा होता. त्यांनी कोनाड्यातून कुपी काढली. अठरा हा आकडा जंतूचा की चकत्यांचा, हे ठरवायला खरा जंतू हवा. तो सोबत लावल्याशिवाय बोलणं अशास्त्रीय झालं असतं. हे खरंच होतं. पण कुपीची मान कातरताना त्यांच्या मनात हेही आलं की चकत्याच जुन्या निघाल्या तर कोणाला काहीच सांगावं लागणार नाही. मनात शास्त्र किती होतं आणि भीती किती, हे त्यांना पुढेही कधी वेगळं काढता आलं नाही. आणखी एक विचार आला, की ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातलं एक खाट अकरावर होतं. हा विचार किती वेळ टिकला? पापणी लवेल इतकाच. पण आला.

सायंकाळपर्यंत कुपीतल्या भुकटीने पोषक पाणी गढूळ केलं. त्यांनी नव्या ताटल्या लावल्या. घरी पत्नीने, वैशालीने, मंदाताईंची चौकशी केली. औषध चालू आहे, एवढंच ते म्हणाले आणि पानावरून लवकर उठले.

गुरुवारी सकाळी त्याच चकत्या, तेच माध्यम. मंदाताईंचा जंतू एकोणीस. वर्षानुवर्षं सांभाळलेला जंतू अठरा. कुपीतला जंतू चौतीस. टेकाळ्यांनी पट्टी सरळ धरून तीनदा मोजलं.

मग त्यांनी डॉ. गार्गी बनसोडेला फोन लावला. राज्याच्या प्रयोगशाळांच्या गुणवत्तेची जबाबदारी तिच्यावर होती. पंधरा वर्षांपूर्वी ती याच टेबलावर सहा महिने शिकाऊ होती, तारेचा फास आचेवर कसा तापवायचा हे टेकाळ्यांकडून शिकलेली. टेकाळ्यांनी बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, वीज गेली तिथपासून तिरक्या पट्टीपर्यंत.

"सर, पस्तीस जिल्हे," गार्गी म्हणाली.

"हो."

"चार वर्षं."

"यंत्रं आली तेव्हापासून."

"तुमचा जंतू मी निवडला. टिपणात मी लिहिलंय, इतक्या वर्षांत एकही आकडा हद्दीबाहेर नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती मला. जिवंत वस्तू इतकी शहाण्यासारखी वागत नाही."

मग ती अधिकाऱ्यासारखं बोलू लागली. एका माणसाच्या दोन ताटल्यांवर राज्याची यंत्रं बंद करता येणार नाहीत. राष्ट्रीय साठ्यातून खरा जंतू मागवू, तीन ठिकाणी तपासू, समिती बसेल, सोमवारपर्यंत निर्णय होईल. यंत्रं बंद पडली तर रोज अडीच हजार अहवाल थांबतील, त्याचेही बळी असतील. तिचं चूक नव्हतं. टेकाळ्यांनी ऐकून घेतलं. वाद घालणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"खाट अकरावर मंदाताई आहेत," ते एवढंच म्हणाले. "त्यांचा एकोणीस आलाय."

"मंदामावशी?"

त्या सहा महिन्यांत गार्गीचा डबा मंदाताईंकडून यायचा.

"ताटल्यांचे फोटो पाठवा," गार्गी म्हणाली. "पट्टीसकट. कागद मागाहून बघू. मी थांबवतेय."

अकरा वाजून दहा मिनिटांनी कोंढापूरच्या द्रुतवरचा हिरवा दिवा विझला आणि पिवळा लागला. एकाच वेळी पस्तीस ठिकाणी तो लागला असणार. यंत्र बंद असेल तर कपाट डॉक्टरच्या सहीने उघडावं, अशी नियमावलीच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती. ती कोणी कधी वापरलेली नव्हती. औषधविभागातल्या माणसाने ती दोनदा वाचून घेतली. दुपारी साडेबाराला मंदाताईंच्या शिरेत नवं औषध सुरू झालं.

टेकाळे तिसऱ्या प्रहरी वॉर्डात गेले. ज्योती डोळ्याला पदर लावून उभी होती. मूत्रपिंडं काम करत नाहीत, असं सकाळी सांगितलं होतं तिला. मंदाताई जाग्या होत्या, पण बोलण्यात अंतर पडत होतं. टेकाळ्यांनी खाटेशेजारचं स्टूल ओढलं आणि जे गार्गीला वाचून दाखवलं होतं ते पुन्हा सांगायला सुरुवात केली. मंदाताईंनी दुसऱ्याच वाक्याला हात किंचित वर केला.

"कडेचंच ना?"

"हो."

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं तुम्ही."

त्या रागावल्या असत्या तर टेकाळ्यांना बरं वाटलं असतं.

"कुपी फोडली?" त्यांनी विचारलं.

"काल फोडली."

"जिवंत होता?"

"होता. चौतीस भरला."

मंदाताईंच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी आलं. इतक्या वर्षांनी उतरंडीतल्या तळच्या मडक्यातलं बी रुजलं म्हणजे बाईच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"बघा," त्या म्हणाल्या. "उगाच जपून ठेवली."

शनिवारी दुपारी त्या गेल्या. डॉक्टर तरुण होते, सरळ होते. टेकाळ्यांनी विचारलं, बुधवारी सकाळी औषध मिळालं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मग टेकाळ्यांचा चेहरा बघून म्हणाले, "फरक पडला असता असं म्हणणार नाही मी. पडला नसता असंही म्हणणार नाही."

ज्योतीला टेकाळ्यांनी सगळं सांगितलं, बुधवारसकट. तिने ऐकून घेतलं. तेराव्याला येऊ नका, एवढंच ती म्हणाली.

सोमवारी गार्गीकडून चौकशीचा छापील नमुना आला, चार पानी. सोबत तिचं अधिकृत पत्र होतं. त्यात मायना 'महोदय' असा होता, 'सर' नव्हतं. गेल्या चार वर्षांत 'औषध चालेल' म्हणून गेलेले अहवाल, त्यातले दगावलेले रोगी, जतन करून ठेवलेले जंतू, सगळं पुन्हा तपासायचं होतं, आणि ताटल्या लावता येणारी माणसं राज्यात फार उरली नव्हती. निलंबनाचा आदेश निघेपर्यंत टेकाळ्यांनी कामावर राहावं, असं पत्रात होतं. शेजारच्या खोलीत त्या जंतूंची पहिली खोकी येऊन पडली होती. तिथे मंदाताई माध्यम शिजवायच्या. आता ते टेकाळ्यांनाच शिजवायचं होतं.

त्यांनी नमुना भरायला घेतला. नाव, पद, सेवेची वर्षं. त्रुटीचं स्वरूप. त्रुटी कशी घडली. ही उत्तरं लांबली, जोडपत्र लावावं लागलं. तिसऱ्या पानावर प्रश्न होता : त्रुटी सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आली व केव्हा?

तिथे त्यांचं नाव येईल असं गार्गीने धरलं असावं. पेन्सिलने बारीक खूण केलेली होती. स्वतःहून कबूल केलं म्हणजे शिक्षा सौम्य होते.

टेकाळ्यांनी पट्टी घेतली आणि खुणेखालच्या ओळीवर सरळ धरली, अक्षर वाकडं जाऊ नये म्हणून. मग लिहिलं : श्रीमती मंदा खिल्लारे, माध्यम परिचर. सतरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, त्याच दिवशी.

खालचा प्रश्न होता : त्यावर काय कार्यवाही करण्यात आली?

त्यासाठी पाच ओळी सोडलेल्या होत्या. त्यांनी एकच शब्द लिहिला. निरंक.